सीएच्या अभ्यासात घोडं पेंड खातं कुठे?

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा आयकर कायदा मागे पडला आणि त्याच्या जागी आयकर कायदा, २०२५ आला. ही बातमी आल्यापासून हिंगणघाट, वणी, दारव्हा या भागांत ज्यांच्या घरी पोरगा किंवा पोरगी सीए करते आहे, तिथे एकच घोर लागला आहे. "आता काय बाप्पा, सारं नव्यानं पाठ करा लागते का?" नव्या कायद्यात ५३६ कलमं आहेत, नंबर बदलले आहेत आणि 'प्रीव्हियस इयर' व 'असेसमेंट इयर' या जोडगोळीच्या जागी एकच 'टॅक्स इयर' आलं आहे. २०२५-२६ च्या उत्पन्नाला मात्र जुनाच कायदा लागतो, त्यामुळे काही काळ दोन्ही पुस्तकं टेबलावर राहणार. कटकट आहे खरी, पण ती कटकटच आहे. टॅक्सचा विषय लांबलचक आहे, वाचावा तितका थोडा आहे, तरी त्यात न समजण्यासारखं फारसं काही नाही.

ज्या विषयांवर चांगली चांगली पोरं तीन-तीन वेळा आपटतात, ते वेगळे आहेत आणि त्यांची बातमी कधी होत नाही.

आधी परीक्षा समजून घेऊ

सीएची परीक्षा घेणारी संस्था, आयसीएआय, १९४९ च्या कायद्याने उभी राहिली. परीक्षेचे टप्पे तीन: फाउंडेशन, इंटर आणि फायनल. २०२३ साली नवा अभ्यासक्रम आला. त्यात आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. फायनलला सहा पेपर आहेत: फायनान्शियल रिपोर्टिंग, अॅडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट, ऑडिट, डायरेक्ट टॅक्स, इनडायरेक्ट टॅक्स आणि सहावा पुस्तक उघडून द्यायचा केस स्टडीचा पेपर. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि ग्रुपच्या बेरजेत ५० टक्के पाहिजेत. या दुसऱ्या अटीनेच बहुतेकांचा घात होतो. सहाही उंबरे ओलांडता येतात, पण सगळीकडे ४२-४४ वर थांबलेला विद्यार्थी नापासच होतो.

म्हणून अवघड विषय ऑप्शनला टाकून चालत नाही. आणि पहिल्या दोन पेपरांत अवघड विषयांनाच जास्त मार्क आहेत.

अवघड म्हणजे काय अवघड?

पोरांना विचारलं की यादी ठरलेली येते: डिफर्ड टॅक्स, फायनान्शियल इन्स्ट्रुमेंट, डेरिव्हेटिव्ह, कन्सॉलिडेशन. वरवर पाहता यांचा एकमेकांशी संबंध नाही. पण थोडं खरवडून पाहिलं तर पहिल्या तिघांच्या तळाशी एकच प्रश्न सापडतो: जे पुढे घडणार आहे, ते आजच्या वहीत किती आणि कधी लिहायचं?

शाळेत शिकवलेलं हिशोबशास्त्र झालेल्या गोष्टींचं असतं. माल घेतला, पैसे दिले, नोंद केली. इथे मात्र न घडलेल्या गोष्टीची नोंद करायची असते. तिचं सर्वांत साधं रूप म्हणजे आजची किंमत. व्याज १० टक्के धरलं तर वर्षाने मिळणारे १ लाख रुपये आज ९०,९०९ रुपयांच्या तोडीचे आहेत. हे एवढं ज्याला मनापासून पटलं, त्याला पुढचा अर्धा अभ्यासक्रम खुला होतो. ज्याने त्याचं सूत्र फक्त पाठ केलं, तो प्रश्नाची भाषा जरा बदलली की गडबडतो.

एकेक विषय घेऊ आणि उदाहरणं आपल्याच भागातली घेऊ. पुस्तकात विमान कंपन्या आणि औषध कंपन्या असतात. आपल्याकडच्या पोरांनी त्या पाहिलेल्या नसतात, जिनिंग मात्र पाहिलेली असते.

डिफर्ड टॅक्स: आज वाचलेला कर

एका जिनिंग कंपनीने १० लाखांचं मशीन घेतलं. कंपनीच्या वहीत ते दहा वर्षं चालेल असं धरून दरवर्षी १ लाख घसारा, म्हणजे वापराने उतरलेली किंमत, लावला. आयकराच्या नियमात घसारा वेगळ्या रीतीने मोजतात: उरलेल्या किमतीवर १५ टक्के. म्हणजे पहिल्या वर्षी दीड लाख.

आता घसाऱ्याआधीचा नफा ५ लाख धरा आणि कराचा दर सोयीसाठी २५ टक्के. वहीप्रमाणे नफा ४ लाख, त्यावर कर १ लाख व्हायला हवा. आयकराप्रमाणे नफा साडेतीन लाख, त्यामुळे प्रत्यक्षात भरायचे ८७,५०० रुपये. फरक १२,५०० चा.

हे १२,५०० रुपये वाचले का? नाही. फक्त लांबणीवर पडले. मशीन तेच आहे आणि एकूण घसारा दोन्हीकडे १० लाखांपलीकडे जाऊ शकत नाही. आयकराने आज जास्त दिला, तर पुढे कमी देणार. दुसऱ्या वर्षी आयकराचा घसारा १,२७,५०० होतो, तिसऱ्या वर्षी १,०८,३७५ आणि चौथ्या वर्षी ९२,११९. इथे तो वहीतल्या १ लाखाच्या खाली आला. म्हणजे चौथ्या वर्षापासून लांबणीवर पडलेला कर वसूल व्हायला सुरुवात होते. या पुढच्या देण्याची आजच केलेली नोंद म्हणजे डिफर्ड टॅक्स लायबिलिटी.

उलटंही होतं. छोट्या उद्योगाकडून माल घेतला आणि कायद्याने दिलेल्या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च आयकर खातं यंदा मान्य करत नाही, पैसे दिले त्या वर्षी मान्य करतं. आज कर जास्त, पुढे कमी. हा डिफर्ड टॅक्स अॅसेट.

परीक्षेत पोरं चुकतात ते आकडेमोडीत नाही, दिशेत चुकतात. लायबिलिटी की अॅसेट, हे सूत्रावरून आठवायला गेलं की हमखास उलटं लिहिलं जातं. "पुढे कर जास्त भरावा लागेल की कमी?" एवढंच स्वतःला विचारा. जास्त भरावा लागणार असेल तर ते देणं झालं. बस.

संत्र्याचं झाड एका खात्यात, संत्री दुसऱ्या

हा विषय परीक्षेत लहान आहे, तरी तो मला फार आवडतो, कारण मुंबईच्या पोराला जे कल्पनेने समजून घ्यावं लागतं ते वरुड-मोर्शीच्या पोराने रोज पाहिलेलं असतं.

मोठ्या कंपन्यांसाठी हिशोबाचे जे नियम आहेत, त्यांना इंड एएस म्हणतात. लिस्टेड कंपन्या आणि २५० कोटी किंवा त्याहून जास्त नेटवर्थ असलेल्या कंपन्या त्यात येतात. शेतकऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, त्यामुळे घाबरू नका. यातला इंड एएस ४१ हा शेतीचा. तो म्हणतो, जिवंत पीक हे त्या दिवसाच्या बाजारभावाने लिहा, विक्रीचा खर्च वजा करून.

मग एखाद्या कंपनीची संत्र्याची बाग असेल तर? झाड वर्षानुवर्षं फळ देतं, त्यामुळे ते मशीनसारखंच मालमत्तेच्या नियमात, म्हणजे इंड एएस १६ मध्ये जातं आणि त्यावर घसारा लागतो. झाडावरची फळं इंड एएस ४१ मध्ये. तोडून ढिगात आलेली फळं त्या क्षणाच्या भावाने साठ्यात, म्हणजे इंड एएस २ मध्ये. पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, तसं नाही. ती एका हंगामाची, त्यामुळे उभं पीक सरळ ४१ मध्ये.

३१ मार्चला बागेत जाऊन पाहा. मृग बहार धरलेल्या बागेत थोडी पिकली फळं अजून झाडावर असतात, आंबिया बहाराच्या बागेत नुकती बारीक हिरवी फळं धरलेली असतात. दोन्हींची किंमत त्या तारखेला लिहायची आहे. पिकलेल्या फळाला नागपूरच्या कळमना बाजाराचा भाव आहे. हिरव्या बारीक फळाला भावच नाही. त्यासाठी पुढे किती उत्पन्न येईल याचा अंदाज करून त्याची आजची किंमत काढावी लागते. तोच जुना प्रश्न.

आणि इथे परीक्षकाचा आवडता खड्डा आहे. समजा कळमन्यात टनाला ४०,००० भाव आहे, गाडीभाडं २,००० आणि दलाली २,४०० आहे. भाडं बाजारभावातून आधीच वजा होतं, कारण माल बागेत आहे आणि भाव नागपूरचा आहे. म्हणून फेअर व्हॅल्यू, म्हणजे बागेतल्या मालाची बाजारकिंमत, ३८,०००. दलाली हा विक्रीचा खर्च, तो त्यानंतर वजा. वहीत ३५,६००. शेवटचा आकडा कसाही केला तरी तोच येतो, पण भाडं 'विक्रीचा खर्च' म्हणून दाखवलं की मार्क जातात.

उधारी बुडायच्या आधीच तोटा कसा लिहायचा?

फायनान्शियल इन्स्ट्रुमेंट (येणं, कर्ज, शेअर असे पैशाचे करार) या धड्यातला सर्वांत भीतीदायक भाग म्हणजे ईसीएल, अर्थात अपेक्षित पतहानी. जुनी पद्धत अशी होती की उधारी बुडाल्याची चिन्हं दिसली की मग तोटा लिहायचा. २००८ च्या जागतिक संकटात बँकांचे तोटे फार उशिरा वह्यांत आले अशी टीका झाली आणि त्यातून नवा नियम आला: उधार दिलं त्याच दिवशी, यातलं किती बुडू शकतं याचा अंदाज करून तेवढी तरतूद करा.

बियाणं-खतं पुरवणारी एक कंपनी घ्या. जूनमध्ये माल उधार गेला, कापूस विकला की वसुली. ३१ मार्चला येणं असं: मुदतीतलं ४० लाख, मुदतीनंतर ९० दिवसांपर्यंत रखडलेलं १० लाख आणि त्याहून जास्त रखडलेलं ४ लाख. मागच्या अनुभवावरून अनुक्रमे १, ५ आणि ३० टक्के बुडतात असं समजू. तरतूद ४०,००० अधिक ५०,००० अधिक १,२०,०००, म्हणजे २,१०,०००. इथवर पाचवीचं गणित आहे.

खरी मेख पुढे आहे. नियम सांगतो की मागचा अनुभव पुरेसा नाही, पुढची चाहूलही धरा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं आणि ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत चालवली. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये होता. बाजार त्याच्या खाली चालला असेल आणि हमीभावाच्या खरेदीत माल गेला नसेल, तर शेतकऱ्याच्या हातात पैसा कमी आणि दुकानदाराची वसुली ढिली. मग ५ टक्क्यांचे ८ करायचे की १०? याचं उत्तर कोणत्याच पुस्तकात नाही. कारण देऊन ठरवायचं असतं आणि मार्क त्या कारणाला असतात.

विद्यार्थ्याला नेमकं हेच जड जातं. दहावीपासून 'उत्तर एकच असतं' असं शिकलेलं डोकं इथे अडून बसतं.

बँकांना हा नियम अजून लागलेला नाही. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचा मसुदा काढला, त्यात १ एप्रिल २०२७ ही तारीख सुचवली आहे. सध्या बँकेत इतर कर्ज ९० दिवस थकलं की एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं, तर कमी मुदतीच्या पिकांचं कर्ज दोन हंगाम थकल्यावर. हा फरक परीक्षेत विचारतात आणि आपल्या गावात तो जगण्याचा भाग आहे.

वायदा: भाव पडला तरी आणि चढला तरी तेवढेच

दुसऱ्या पेपरातला राक्षस म्हणजे डेरिव्हेटिव्ह, मालाच्या भावावर बेतलेला करार. वायदा, म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा आजच ठरलेल्या भावाने करणं, हा त्यातलाच. त्यातली एकच संकल्पना नीट धरली तर बाकीचं मागे मागे येतं. ती म्हणजे हेजिंग, भावाच्या जोखमीवरचा उतारा.

जिनिंगवाल्याकडे ४८ खंडी रुई पडून आहे. खंडी म्हणजे साधारण ३५६ किलो. आजचा भाव खंडीला ५५,०००. भाव पडेल ही भीती, म्हणून त्याने ५६,००० च्या भावाने तेवढीच रुई वायद्यात विकली.

दोन महिन्यांनी भाव ५१,००० झाला, वायदा ५१,५००. गोदामातल्या मालावर खंडीला ४,००० तोटा, म्हणजे १,९२,०००. वायद्यात खंडीला ४,५०० फायदा, म्हणजे २,१६,०००. हाती २४,०००.

आता उलट. भाव ६०,००० झाला, वायदा ६०,५००. मालावर २,४०,००० फायदा, वायद्यात २,१६,००० तोटा. हाती तेच २४,०००.

इथे पोरं हमखास विचारतात, "मंग काहून केलं त्यानं? भाव चढला तं नुकसानच झालं न!" नुकसान नाही झालं. त्याने चढ-उताराचा धंदा सोडून कापसाचा धंदा ठेवला, कारण बँकेचा हप्ता भाव पाहून येत नाही. उरलेले २४,००० आले कुठून, तर हजर भाव आणि वायदा यांतलं अंतर हजारावरून पाचशेवर आलं म्हणून. त्या अंतराला बेसिस म्हणतात. भावाची जोखीम गेली, बेसिसची उरली. परीक्षेत याच एका वाक्याला मार्क आहेत.

पुस्तकं एक गोष्ट घाईत सांगतात. वायद्याचा हिशोब रोजच्या रोज होतो. भाव चढत असताना वायद्यातला तोटा रोज रोखीने भरावा लागतो आणि मालावरचा फायदा मात्र गोदामात गाठींच्या रूपात पडून असतो. कागदावर बरोबर असलेला माणूस रोकड संपून अडचणीत येतो तो असा.

आपल्या पोरांना हे प्रत्यक्ष पाहायला मिळत नाही यालाही कारण आहे. २० डिसेंबर २०२१ ला सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि ती मुदत नंतर वाढवतच नेली. वाशीम-अकोल्याकडच्या सोयाबीन व्यापाऱ्याला हेजिंग कसं करता असं विचारलं तर तो हसेल. त्याचं हेजिंग म्हणजे माल लवकर विकून मोकळं होणं.

कन्सॉलिडेशन: हा वेगळ्या जातीचा

एका कंपनीच्या मालकीत दुसरी कंपनी असेल, तर दोघींचा मिळून एकच हिशोब दाखवायचा, याला कन्सॉलिडेशन म्हणतात. एकत्र कुटुंबात थोरल्याने धाकट्याला बैलजोडीसाठी पैसे दिले, तर घराची ऐपत सांगताना ते येणंही मोजत नाहीत आणि देणंही. तोच न्याय. जिनिंग कंपनीने १० लाखांची रुई आपल्याच सूतगिरणी कंपनीला १२ लाखांत विकली आणि वर्षाअखेर तिचा चौथा हिस्सा गिरणीत पडून असेल, तर त्या हिश्श्यातला ५०,००० रुपयांचा नफा काढून टाकायचा. घरातल्या घरात नफा होत नसतो. बाकी हा धडा समजण्याचा कमी आणि सरावाचा जास्त. बैठक मारून गणितं सोडवली की सुटतो.

"पाठ करून निघत नाही का?"

इंटरपर्यंत निघतं, फायनलला नाही. पहिल्या पाच पेपरांत ३० टक्के मार्क प्रसंग देऊन विचारलेल्या पर्यायी प्रश्नांना आहेत आणि सहावा पेपर तर पुस्तक समोर ठेवूनच द्यायचा आहे. पुस्तक समोर असताना पाठांतराची किंमत काय उरते? क्लासवाले जे रंगीत चार्ट विकतात ते उजळणीला बरे, पण समजून न घेता फक्त चार्ट वाचणाऱ्यांचं मला स्पष्ट दिसतं: उत्तराची सुरुवात झोकात आणि तिसऱ्या ओळीला गाडी रुतलेली.

"गणित कच्चं आहे, मग?"

हरकत नाही. टक्केवारी, सरासरी, आजची किंमत आणि थोडी शक्यता, याच्या पुढे फारसं काही लागत नाही. लागतो तो वेग, आणि तो हाताने लिहून येतो. यूट्यूबवर दुसऱ्याने सोडवलेलं गणित पाहताना सगळ्यांनाच सगळं येत असतं.

"आमच्या गावात ना क्लास ना मोठी कंपनी"

हा आक्षेप अर्धा खरा आहे. संस्थेचं अभ्यास साहित्य, सरावाचे पेपर आणि ऑनलाइन वर्ग फुकट आहेत, त्यामुळे क्लासचं कारण आता फार टिकत नाही. मोठ्या कंपनीचं कारण मात्र टिकतं. तालुक्याच्या ऑफिसात आर्टिकलशिप करणारा पोरगा दोन वर्षं जीएसटी रिटर्न, टॅक्स ऑडिट आणि पतसंस्थांचे हिशोब करतो. इंड एएस त्याच्या टेबलावर येतच नाही. नागपूरला राहणाऱ्याला निदान ऐकून तरी माहीत असतं. यावर एकच इलाज मला चालताना दिसला आहे: एखाद्या लिस्टेड कंपनीचा वार्षिक अहवाल फुकट उतरवून घ्यायचा आणि धडा वाचून झाला की त्यातली डिफर्ड टॅक्सची किंवा येण्याची टीप शोधून वाचायची. पहिल्यांदा काहीच कळत नाही. तिसऱ्या अहवालाला आकडे बोलायला लागतात.

"आणि इंग्रजीचं?"

परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. मराठी माध्यमातून आलेली पोरं या विषयांत भाषेमुळे जितकी मागे पडतात, त्याहून जास्त ऑडिटमध्ये पडतात, कारण तिथे सगळा खेळ शब्दांचा आहे. हिशोबाच्या पेपरात मोडकं इंग्रजी चालतं. आकडा बरोबर, खाली गृहीतक लिहिलेलं आणि एका ओळीत कारण दिलेलं असलं की परीक्षक व्याकरण पाहत बसत नाही. माझा आग्रह एवढाच असतो की समजून घेताना मराठीत, हवं तर वऱ्हाडीत घ्या आणि उत्तर लिहिण्याचा सराव मात्र पहिल्या दिवसापासून परीक्षेच्या भाषेत करा. शेवटच्या महिन्यात भाषा बदलायला गेलेल्यांचे पेपर अर्धे कोरे राहिलेले मी पाहिले आहेत.